सुभेदारांची पेन्शन

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

मी शेतीतला माणूस नाही. आंब्याच्या मोहोराबद्दल तुमच्यासमोर बोलण्याचं धाडस माझ्याच्याने व्हायचं नाही. पण ज्या गावात तुम्ही ही चार वर्षं काढलीत, त्या गावाबद्दल थोडं सांगता येईल.

दापोलीला जुनी माणसं अजून कॅम्प म्हणतात. पेशवाई बुडाली त्या १८१८ साली इंग्रजांनी दक्षिण कोकणातली आपली फौज इथे आणून ठेवली. पुढे पलटण हलली, पण पेन्शनीत निघालेले देशी शिपाई वस्तीला राहिले. त्या पेन्शनरांतल्या एका सुभेदाराबद्दल मी आज बोलणार आहे. नाव रामजी मालोजी सकपाळ. मूळ गाव आंबडवे. आज मंडणगड तालुक्यात, तेव्हा दापोली तालुक्यात. त्यांचा चौदावा मुलगा साऱ्या जगाला ठाऊक आहे. आज त्या मुलाबद्दल मी मुद्दाम कमी बोलणार आहे.

रामजींचे वडील मालोजीही पलटणीतच होते. कंपनी सरकार आलं तेव्हापासून आपल्या घराण्याने वंशपरंपरेचं काम सोडून लष्कराची नोकरी धरली, असं त्या चौदाव्या मुलाने, बाबासाहेब आंबेडकरांनी, स्वतः लिहून ठेवलंय. वंशपरंपरेचं काम म्हणजे काय, हे खेड्यात वाढलेल्यांना सांगायला नको. गावाने हाक मारायची आणि महाराने धावायचं. सांगावा पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं आणि संध्याकाळी भाकरीसाठी दारोदार उभं राहायचं. पलटणीत अंगावर वर्दी चढे, पगार ठरलेल्या दिवशी हातात पडे आणि नावापुढे हुद्दा लागे. मरणाची जोखीम होती. गावकीपेक्षा ती बरी वाटली, यात मला नवल वाटत नाही.

ही माणसं लढली कशी, त्याचा एक दाखला देतो. दुसरं अफगाण युद्ध चालू होतं. १६ एप्रिल १८८० रोजी कंदाहारच्या वाटेवरच्या दुब्राई ठाण्यावर तीनेकशे लोक चालून आले. ठाण्यात एकोणिसाव्या बॉम्बे इन्फन्ट्रीचा मेजर वॉडबी आणि त्याच्या बरोबरीने लढायला दोन शिपाई, एलाही बक्ष आणि सोननाक ताननाक. तीन तास त्यांनी ठाणं लढवलं आणि तिघेही पडले. मुंबईत फोर्टातल्या एका रस्त्याला मेजरसाहेबाचं नाव मिळालं, तेही पुढे बदललं. शिपायांची नावं एका दगडावर कोरली गेली. ‘नाक’ लागलेलं नाव महाराचं, हे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात शेंबड्या पोरालाही कळत होतं. भीमा कोरेगावच्या स्तंभावरही अशी नावं आहेत. रामजी सोननाकच्या पिढीतले, त्याच मुंबई फौजेतले.

तरीही त्यांच्या नोकरीतली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट रणांगणावरची नाही. त्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं. मोठ्यांना रात्रीची शाळा, पोरांना दिवसाची. त्या शाळांना मास्तर हवेत, म्हणून मास्तर तयार करणारी नॉर्मल स्कूल. रामजी तिथे शिकले, शिक्षक झाले आणि चौदा वर्षं लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. गावच्या शाळेत ज्यांच्या मुलांना उंबरठ्याच्या आत घेत नसत, त्यांच्यातला एक माणूस सरकारी शाळेचा हेडमास्तर! आणि त्याच्या वर्गात मुलीही बसत. सरकारला यात धर्मादाय करायचा नव्हता. हुकूम वाचता येणारा शिपाई हवा होता. पण अक्षर एकदा शिकवलं की ते फक्त हुकूम वाचण्यापुरतं राहत नाही. सरकारच्या हे लक्षात आलं नसावं.

मग १८९२च्या सुमारास तेच दार बंद झालं. कोणत्या जाती लढवय्या आणि कोणत्या नाहीत याचे तक्ते साहेबलोकांनी मांडले होते. त्यात महारांची भरती थांबली. वीस वर्षं बंदूक धरलेल्या माणसाला सांगायचं की तुझा मुलगा लढण्याच्या जातीचा नाही. याच दापोलीत राहणारे पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी सरकारसाठी अर्ज तयार केला. १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे, ‘दीनबंधू’त लेखणी चालवणारे तेच हे वलंगकर. रामजींनी न्यायमूर्ती रानड्यांकडून असाच एक अर्ज लिहून घेतला, असं चरित्रकार सांगतात. निवृत्त शिपायांनी सरकारशी कागदावर केलेली ही लढाई आपल्या पाठ्यपुस्तकांत शोधून सापडत नाही. शिपाई निघतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो आणि पडतो तेव्हा डोळे पुसतो. जिवंत परत येऊन तो पुढे काय करतो, याची आपल्याला फारशी उत्सुकता नसते.

रामजी १८९४ साली निवृत्त झाले आणि कुटुंब घेऊन दापोलीत आले. इथेच राहायचं, असा बेत होता. त्याच काळात या गावच्या मिशन हायस्कुलात पुढे भारतरत्न झालेले पांडुरंग वामन काणे शिकत होते. १८९७ साली ते इथून मॅट्रिक झाले. म्हणजे एकाच वेळी दोन भारतरत्नांची बालपणं या गावात होती. त्यातलं एक इथे टिकलं. काही कारणांनी वडिलांचा विचार बदलला, एवढंच बाबासाहेबांनी लिहिलंय. ती ‘काही कारणं’ काय असतील, याचा विचार दापोलीने स्वतः करावा. पाहुण्याने ते सांगू नये.

कुटुंब साताऱ्याला गेलं. रामजींच्या पत्नी भीमाबाई तिथे वारल्या. सुभेदार खटाव तालुक्यात दुष्काळी कामावरच्या तलावाचे खजिनदार झाले. मुलं त्यांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली, तेव्हा जात कळताच कोणी गाडी देईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं. बैल मुलांनी हाकायचे आणि गाडीवान बाजूने चालणार. सरकारी हुद्द्याच्या बापाची मुलं होती ती.

मग मुंबई. परळच्या चाळीत एक खोली, उत्पन्न काय ते पेन्शन. मुलांकडून हॉवर्डची इंग्रजी रीडरं आणि तर्खडकरांची भाषांतराची पुस्तकं पाठ करून घेणारे सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, मुलाला अभ्यासाला उठवत आणि मग त्याच जागेत स्वतः पाठ टेकत. पुस्तक हवं असलं आणि पेन्शनीला अवकाश असला की लग्न झालेल्या लेकीकडे जात, तिचा दागिना गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून देत. त्या लेकींचं नाव कुठल्याही पदवीवर नाही. बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीबद्दल आपण बोलतो, बोललंच पाहिजे. पण त्याआधीची शिष्यवृत्ती एका सुभेदाराच्या पेन्शनीतून आणि दोन बहिणींच्या पेटीतून आली होती.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. मुलगा त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. सरकारने बंद केलेलं भरतीचं दार पहिल्या महायुद्धात शिपाई कमी पडले तेव्हा किलकिलं झालं. १११वी महार पलटण १९१७ साली उभी राहिली आणि १९२१ला मोडली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा सुभेदारांचा मुलगा व्हॉइसरॉयच्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर होता. सुरुवातीला तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्यातले कोणी कृषी खात्यात लागतील, कोणी बँकेत जातील, कोणी स्वतःची काजूची बाग लावतील. खेड, मंडणगड, चिपळूणच्या वाड्यांवर फिरताना पेन्शनवर असलेले सुभेदार, हवालदार तुम्हाला भेटतील. कलमं लावायला पैसा कुठून आला, हे विचारलंत तर बऱ्याचदा उत्तर फंड आणि पेन्शन असंच येईल. माती परीक्षणाचा अहवाल त्यांना द्या, पण लगेच उठू नका. पलटण कोणती, वाचायला कुठे शिकलात, बदलीच्या गावी पोरांच्या शाळेचं काय केलंत, हे विचारा. ट्रंकेत डिस्चार्जचे कागद, पेन्शनचं पुस्तक, जुनी पत्रं असतात. कसर लागायच्या आत मोबाइलवर त्यांचे फोटो काढा, घरच्यांना विचारून. या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने त्यासाठी एक कपाट राखून ठेवावं, अशी कुलगुरूंना माझी जाहीर विनंती आहे. आंब्याच्या जातींची नोंद इथे चोख ठेवली जाते. माणसांची ठेवायला जागा कमी पडू नये.

मागे बसलेल्या पालकांत काही माजी सैनिक दिसताहेत. पदव्या द्यायला सुरुवात होण्याआधी त्यांनी पुढच्या रांगेत येऊन बसावं. खुर्च्या रिकाम्या आहेत.