रॉड जिथं संपतो

मला बोलायची सवय नाही, हे आधीच सांगतो. आमचं काम तोंडासमोर काच धरून करायचं असतं, त्यात बोलायला गेलं की धूर आत जातो. मध्येच अडखळलो तर समजून घ्या.

मी कोल्हापूर जिल्ह्यातला. पप्पांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. रस्त्याकडेला पत्र्याचं शेड. ग्रिल, गेट, जिने, आणि पावसाळा संपत आला की उसाच्या ट्रॉल्या. कारखान्यांचा सीझन सुरू व्हायच्या आधी आमच्याकडं ट्रॉल्यांची रांग लागते. कुणाचा चॅनेल वाकलेला, कुणाचा हूक झिजलेला. दहावीनंतर एक वर्ष मी कुठं ॲडमिशनच घेतलं नाही, दुकानातच होतो. रोज पन्नास-साठ रॉड जाळायचो. गिऱ्हाईक पप्पांना म्हणायचं, पोरगं तयार झालं की तुमचं. मलाही तसंच वाटायचं.

पुढच्या वर्षी आयटीआयला वेल्डर ट्रेड घेतला. एक वर्षाचा कोर्स, आठवी पासवर पण मिळतो. खरं सांगायचं तर सर्टिफिकेट पाहिजे होतं म्हणून गेलो. काम तर येतंच होतं ना!

पहिल्या महिन्यात सरांनी सगळ्यांना दोन पट्ट्या जोडायला दिल्या. बाकीची पोरं अजून रॉड चिकटवत बसली होती, मी सरळ रेषेत रन टाकून मोकळा. सर आले, बघितलं, काही बोलले नाहीत. पट्टी व्हाइसमध्ये धरली आणि हातोड्यानं वाकवायला लागले. तिसऱ्या दणक्याला भाकरी मोडावी तशी मोडली.

"कुठं मोडली बघ," एवढंच म्हणाले.

जिथं माझा एक रॉड संपला होता आणि दुसरा सुरू झाला होता, बरोबर तिथं.

हे जरा समजून सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. रॉड काही कायम पुरत नाही. हातभर असतो, संपतो. संपला की तिथं एक छोटा खड्डा राहतो, आणि वर स्लॅगची काळी खपली बसते. ती खपली चिपिंग हॅमरनं फोडायची, ब्रश मारायचा, खड्ड्याची कड ग्राइंडरनं उतरती करायची, आणि नवा रॉड थोडा पुढं पेटवून मागं आणून मग पुढं न्यायचा. म्हणजे जुनं आणि नवं एकत्र वितळतं. दुकानात आम्ही काय करायचो? रॉड संपला, नवा लावला, धर तिथंच. खपली आत अडकते. वरून रन चकचकीत दिसतो, रंग मारल्यावर तर विचारूच नका.

स्पर्धेचं सरांनीच सुचवलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल, पण कामाच्या कौशल्याच्या पण मोठ्या स्पर्धा असतात. वर्ल्डस्किल्स नावाची जागतिक स्पर्धा आहे, १९५० साली स्पेनमध्ये सुरू झाली. आता दर दोन वर्षांनी होते. २०२४ ला फ्रान्समध्ये ल्योनला झाली, २०२६ ची शांघायला. आपल्याकडं त्यासाठी इंडियास्किल्स असते, राज्यातून निवड होत होत वर जायचं. वेल्डिंगला वयाची अट २२. म्हणजे एकदा वय गेलं की गेलं.

वेल्डिंगच्या स्पर्धेत सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे प्रेशर व्हेसल. प्लेटा आणि पाइप जोडून एक बंद डबा बनवायचा. उभा रन, आडवा रन, डोक्यावरचा रन, सगळं त्या एकाच डब्यात. डबा सोयीप्रमाणं फिरवायचा नाही, आपण वाकायचं. शेवटी परीक्षक त्यात पाणी भरतात आणि पंपानं प्रेशर वाढवत नेतात. कुठं थेंब आला की संपलं. बाकी प्लेटांचा एक्स-रे पण काढतात, म्हणजे वरून चकचकीत करून तिथं कुणाला फसवता येत नाही.

चार महिने सराव केला. संध्याकाळी सगळे गेले की मी आणि सर. सर एमआयडीसीतल्या ओळखीच्या लोकांकडून प्लेटांचे तुकडे मागून आणायचे. लो हायड्रोजन रॉड ओव्हनमध्ये भाजून घ्यायचे असतात, ओल धरली तर जोडाला चीर जाते. हे मला आयटीआयला येईपर्यंत माहीतच नव्हतं. दुकानात रॉडचा पुडा खिडकीत उघडा पडलेला असायचा, पावसाळ्यात पण. आणि एक गोष्ट जाता जाता. काच न लावता टाका मारायची मर्दुमकी करू नका. रात्री डोळ्यात वाळू टाकल्यासारखं होतं, मग आजी बटाट्याच्या चकत्या ठेवते. मी केलंय. ते डोळे भाजलेले असतात, डॉक्टरकडं जा.

आता मुद्द्याचं. स्पर्धेला तेरा दिवस होते. रात्री साडेदहाला पप्पांचा फोन वाजला. आमच्या गिऱ्हाइकाची ट्रॅक्टरला लावलेली मागची ट्रॉली चढावर सुटली होती. उसानं भरलेली. हूक तुटला, ट्रॉली उलटी मागं गेली. मागं एक मोटारसायकल होती. त्या दादानं गाडी शेतात घातली म्हणून वाचला, पण हात दोन ठिकाणी मोडला.

आम्ही बॅटरी घेऊन गेलो. मी तुटलेला जोड बघितला. तुटलेलं लोखंड वाचता येतं, सरांनी शिकवलं होतं. अर्धा भाग चमकत होता, म्हणजे तो आत्ता तुटलेला. उरलेला अर्धा तांबडा-काळा, म्हणजे तिथं चीर आधीच होती, कितीतरी महिने. आणि ती चीर जिथून सुरू झाली होती तिथं स्लॅगचा काळा डाग. रॉड संपला होता ती जागा.

तो जोड माझा होता. आदल्या वर्षीचा. मला ती ट्रॉली आठवत होती, कारण त्या दिवशी मालकानं मला कामाच्या वर शंभर रुपये दिले होते, लवकर करून दिलं म्हणून.

पप्पा म्हणाले, "लोड जास्त होता." तो होताच, खोटं नाही. पण मी म्हणालो, "पप्पा, जोड खराब होता." ते काही बोलले नाहीत. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. त्या दादाच्या दवाखान्याचं बिल दुकानानं भरलं. आईनं बिशीचे पैसे दिले.

मी सरांना सांगितलं, मला स्पर्धेला जायचं नाही. सर म्हणाले, "का? तिथं ट्रॉल्या नाहीत." राग आला मला. पण गेलो.

स्पर्धेत आम्ही अकरा जण होतो. व्हेसलच्या दिवशी चाळीस-पन्नास मिनिटं उरली होती. पाइपच्या खालच्या बाजूला, जिथं गुडघ्यावर बसून वर बघत वेल्डिंग करावं लागतं, तिथं मी रॉड बदलला होता. बदलताना नवा रॉड क्षणभर चिकटला होता. मी तो सोडवला, पुढं गेलो आणि वरून दुसरा रन पण टाकला. आता बाकी जोडांवर फायनल रन टाकायचे होते आणि माझं लक्ष सारखं त्याच जागेकडं. सर दोरीच्या पलीकडं उभे, बोलायला परवानगी नाही. मी ग्राइंडर घेतला आणि ती जागा उघडली.

आत जिऱ्याएवढा काळा ठिपका होता.

काढला, परत भरला. हूटर वाजला तेव्हा एका कडेचा फायनल रन राहिला होता, बोटभर लांबीचा. अर्धवट डब्याला तिथं प्रेशर लावत नाहीत, तसा नियमच होता. बाकीच्यांच्या डब्यात पाणी भरताना मी बाजूला उभा राहून बघितलं. दोघांचे गळले. माझा गळला असता का टिकला असता, मला कधीच कळणार नाही. नंबर आला नववा.

सर गाडीत म्हणाले, "उघडलंस ते ठीक. पण रूटलाच का नाही उघडलंस? दुसरा रन टाकून मग आठवण आली?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही.

घरी आलो तर पप्पा दुकानात जुनी वही काढून बसले होते. त्या वर्षी मी एकट्यानं किती हूक जोडले ते शोधत होते. चौदा. ते स्वतःहून शोधत होते, मी काही बोललो नव्हतो. मला म्हणाले, "सांग, यातलं कुठलं कुठलं तुला आठवतंय?"

तेव्हापासून दर रविवारी आम्ही मोटारसायकलवर ग्राइंडर आणि ब्रश घेऊन गावोगाव फिरतोय. मालकाला सांगायचं, ट्रॉली बघायचीय, पैसे नाहीत. काही जण हसतात. एकानं हाकलून दिलं, सीझनच्या मधे ट्रॉली उभी करणार नाही म्हणाला; त्याच्याकडं परत जायचंय. आजपर्यंत नऊ बघून झाल्या. त्यातले तीन हूक कापून नव्यानं जोडले. त्या तिघांत मी रॉड कुठं बदलला होता ते पप्पांनी मला खडूनं खूण करायला लावलं आणि मगच कापलं.

राहिल्या पाच. त्या हाकलून दिलेल्याची एक, आणि चार विकल्या गेल्यात, कुठं आहेत ते कळत नाही. तुमच्या घरी उसाची जुनी ट्रॉली असेल तर एक करा. मागच्या हुकाच्या मुळाशी माती झाडा आणि मोबाइलची बॅटरी लावून बघा. रंगाला केसाएवढी चीर दिसली आणि तिच्यातून तांबडं पाणी ओघळल्यासारखा डाग असला, तर ती ट्रॉली भरू नका. आमच्या दुकानाची खूण म्हणजे हुकाच्या दोन्ही बाजूंना तिकोनी पट्टी आणि त्यावर चंदेरी रंग. तशी दिसली तर मला कळवा. मी येतो.