रक्ताची बाटली लावली होती का? मग एकदा तपासून घ्या
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)

तायांनो, हप्त्यांचं नंतर बोलू. आधी एक सांगा : बाळंतपणात, सिझरला किंवा पिशवीच्या ऑपरेशनला कुणाकुणाला रक्त चढवलं होतं? आणि तेही २००२ च्या आधी?

विचारतेय कारण दात्याचं रक्त हेपॅटायटिस सीसाठी सक्तीनं तपासणं आपल्या देशात २००१-०२ च्या सुमारास सुरू झालं. त्याआधीच्या बाटलीतून हा विषाणू आला असेल, तर तो वीस-पंचवीस वर्षंसुद्धा गुपचूप राहतो. बहुतेकींना कावीळही होत नाही. थकवा येतो, पण थकवा आपल्यात कुणाला नाही? कामाचा शीण म्हणून आपण सोडून देतो, अन् आत लिव्हर खराब होत राहतं.

आधी रक्ताची साधी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नाही. काहींचा विषाणू आपोआप गेलेला असतो. म्हणून दुसरी, विषाणू मोजणारी चाचणी करायचीच. घाबरून मधेच घरी बसू नका. विषाणू निघालाच तर बहुतेकींना बारा आठवडे गोळ्या, आणि शंभरात नव्वदहून जास्त जणी बऱ्या होतात. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात चाचणी-औषध मोफत आहे. जिल्हा रुग्णालयात विचारा, आशाताईंना सोबत घ्या.

एका ताटात जेवल्यानं हा आजार लागत नाही, हे सासूबाईंनाही सांगा. ब्लेड अन् टूथब्रश तेवढे वेगळे ठेवा. ऑपरेशनचे जुने कागद नसले तरी अडत नाही. रक्त चढवलं होतं, एवढं डॉक्टरांना सांगा.