सेवकाचे देशांतर
(कुर्डुवाडी येथे धम्मबांधवांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कुर्डुवाडी हे जंक्शनचे गाव आहे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी चालू होती तेव्हा मुंबईहून पंढरपूरला वा बार्शीला निघालेल्या माणसाला येथे उतरून दुसऱ्या गाडीत बसावे लागे. त्याने गाडी बदलली म्हणून प्रवास सोडला, असे कोणी म्हणत नसे. मग सेवेसाठी परदेशी गेलेला माणूस निम्म्या वाटेवर देश बदलतो, तेव्हा त्याने काम अर्धवट टाकले असे आपण का म्हणावे? आज मी ह्याच प्रश्नाचा विचार आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम आपल्याच जिल्ह्याकडे पाहू. डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे सोलापूरचे. १९३८ साली जपानी आक्रमणाने पोळलेल्या चीनच्या मदतीस पाच भारतीय डॉक्टरांचे पथक गेले, त्यात ते होते. पथकाचे प्रमुख डॉ. अटल हे त्यापूर्वी स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची शुश्रूषा करीत होते. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून हेही आधी स्पेनमध्ये व मग चीनमध्ये राबले आणि १९३९ साली तेथेच वारले. त्यांच्या नावे चाललेल्या रुग्णालयाची धुरा पुढे कोटणीसांनी वाहिली. सोबतचे डॉक्टर यथाकाल मायदेशी परतले. कोटणीस मात्र चिनी भाषा शिकले, तेथेच त्यांनी संसार मांडला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच देह ठेवला. ह्या माणसांची सेवा एका भूमीशी बांधलेली नव्हती, ती दुःखाशी बांधलेली होती.

आता आपल्या घराकडे येऊ. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात पूज्य बाबासाहेबांना ज्यांनी दीक्षा दिली ते भिक्खू चंद्रमणी महास्थविर आराकानात जन्मलेले. तरुणपणीच ते भारतात आले आणि कुशीनगर ही त्यांची कर्मभूमी झाली. दीक्षेनंतर दोन महिनेही लोटले नाहीत तोच बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. लाखो लोक बौद्ध झाले होते, पण त्यांना धम्म समजावून सांगणारे भिक्खू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. ही उणीव भरून काढावयास जे आले, त्यांत भदन्त सुरई ससाई हे एक. ते मूळचे जपानचे. धम्माच्या अभ्यासासाठी थायलंडला गेले, तेथून भारतात राजगीरला आले आणि राजगीरहून नागपूरला. जपानला परतण्याची वाट मोकळी होती, तरी त्यांनी इंदोऱ्याच्या वस्तीत मुक्काम केला आणि येथल्या माणसांची भाषा शिकून घेतली.

परंतु देशांतराबरोबर एक संकट येते. आपल्या संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाने धर्म पाळण्याचे व धर्मप्रचाराचे स्वातंत्र्य सर्व व्यक्तींना दिले आहे. पण १९व्या अनुच्छेदातील भाषणाचे, सभेचे, वास्तव्याचे स्वातंत्र्य केवळ नागरिकांना आहे. परका सेवक परवान्याच्या मुदतीवर जगतो. ससाईंच्या परवान्याची मुदत संपली तेव्हा त्यांच्यावर देश सोडण्याची पाळी आली. त्या वेळी नागपूरची गोरगरीब जनता उठली, सह्यांच्या राशी दिल्लीला गेल्या आणि अखेर त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले. वाट बदलणाऱ्याने हक्काला मुकावे, हा अन्याय आपल्याइतका कोणाला ठाऊक आहे? आपण धर्म बदलला आणि केंद्राच्या सवलतींना मुकलो. १९५६ पासून १९९० पर्यंत चौतीस वर्षे लढलो, तेव्हा कुठे बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. म्हणून देशांतर करणाऱ्या सेवकाच्या पाठीशी उभे राहणे हे आपल्यावरील ऋण आहे.

मात्र प्रत्येक देशांतर हे सेवा नव्हे. कष्टांना कंटाळून निघालेला पळपुटा आणि अधिक दुःख दिसले म्हणून निघालेला सेवक, ह्यांतील भेद ओळखावयास तीन कसोट्या लावा. पहिली, त्याने पहिल्या ठिकाणचे काम कोणाच्या तरी हाती नीट सोपविले काय? दुसरी, नव्या ठिकाणच्या लोकांची भाषा तो शिकला काय? तिसरी, तो त्यांच्यावर उपकार करावयास आला की त्यांच्यातला एक व्हावयास आला? ह्या तिन्ही कसोट्यांना जो उतरतो, त्याच्यावर अर्धवटपणाचा ठपका ठेवण्याचा कोणास अधिकार नाही.

आज आपल्या घरातील मुले-मुली शिकून दूरदेशी जातात, काही सेवाकार्यातही पडतात. उद्या तुमच्या मुलीचे पत्र येईल, की येथले काम दुसऱ्यांनी उचलले आहे, मी पुढल्या देशी जाते. आईबापहो, त्या दिवशी घाबरू नका, आणि तिला माघारीही बोलावू नका. परवाना कोणता, निवारा कोठे, पगार वा निर्वाहखर्च कोण देणार, आजारपणात जबाबदार कोण, हे चार प्रश्न तिला खडसावून विचारा. उत्तरे नीट मिळाली, तर आशीर्वाद द्या.

तथागतांनी आपल्या पहिल्या साठ भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी चालत राहण्यास सांगितले, आणि दोघांनी एका वाटेने जाऊ नये असेही बजावले. कोणत्या देशाच्या सीमेवर थांबावे, हे त्यांनी सांगितले नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!