स्लॅबखालची झोप आणि आर्किटेक्टचं शिक्षण

(छत्रपती संभाजीनगरच्या बजाजनगर येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

वास्तुविशारदांचं ऑनलाइन निरंतर शिक्षण, असा आजचा विषय आहे. शिकायचं आर्किटेक्टनं, मग आम्ही कशाला ऐकायचं, असं तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आलं असेल. म्हणून सुरुवात तुमच्याच घरापासून करतो.

थर्ड शिफ्ट करून माणूस सकाळी घरी येतो, चहा-नाश्ता उरकतो आणि नऊच्या सुमारास आडवा होतो. एप्रिल-मेमध्ये नेमका त्याच वेळी डोक्यावरचा स्लॅब तापायला लागतो. चार-पाच इंची काँक्रीटमधून उष्णता खालच्या अंगाला उतरायला साधारण तीन-चार तास लागतात. म्हणजे ऐन झोपेच्या वेळी छत खालून गरम होत जातं आणि पंखा तीच हवा अंगावर लोटतो. दुपारचं ऊन संध्याकाळी खाली उतरतं, त्यामुळे सेकंड शिफ्टवाला मध्यरात्री घरी पोहोचतो तेव्हाही छत निवलेलं नसतं. अर्धवट झोपेनं हाच माणूस पुन्हा मशीनवर उभा राहतो. माझ्या मते बजाजनगरच्या घरबांधणीतला हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

याचं उत्तर नवं नाही, गुंतागुंतीचंही नाही. केंद्र सरकारनं २०१८ साली निवासी इमारतींसाठी 'इको-निवास संहिता' आणली. छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिच्यात आहे: दर चौरस मीटरला, तापमानातल्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे, १.२ वॅट. आपल्या उघड्या पाच इंची स्लॅबचा हिशेब मांडला तर आकडा तीनच्या वर जातो. म्हणजे मर्यादेच्या अडीचपटीहून जास्त. स्लॅबच्या वर, खाली नव्हे, उष्णतारोधक थर दिला आणि त्यावर पांढरा चिनी मोझॅक केला तर हा आकडा खाली येतो. शिवाय पांढऱ्या पृष्ठभागावरून बरंचसं ऊन मुळातच परत फिरतं. थर वरच का द्यायचा? खाली दिला तर स्लॅब तापायचा तो तापतोच.

आता अडचण ऐका. ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. आपली रो-हाऊसेस त्यात बसतच नाहीत. कायदा इथवर पोहोचत नाही, तेव्हा तुमच्या आर्किटेक्टला हे माहीत असणं एवढाच आधार उरतो.

आणि त्याला ते माहीत असेल याची खात्री काय? जो १९९५ साली पदवी घेऊन बाहेर पडला, त्याच्या अभ्यासक्रमात या संहिता असणं शक्यच नव्हतं. व्यापारी इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन संहिता २००७ साली आली, २०१७ साली बदलली आणि त्यानंतर ही घरांची संहिता आली. आपल्याकडे १९७२च्या वास्तुविशारद कायद्यात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी शुल्काची अट आहे, शिकत राहण्याची नाही. ब्रिटनमध्ये तिथल्या वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटच्या सदस्याला वर्षाला ३५ तास शिकावं लागतं. अमेरिकेतल्या वास्तुविशारदांच्या संस्थेची अट वर्षाला १८ तासांची आहे आणि त्यातले १२ तास लोकांचं आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण यांसाठी राखलेले असतात. ही सक्ती आपल्याकडेही यावी, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या कारखान्यात नवं मशीन आलं की ट्रेनिंग दिल्याशिवाय ऑपरेटरला त्यावर उभं करत नाहीत. मग पन्नास वर्षं उभ्या राहणाऱ्या घराच्या बाबतीत एवढी ढिलाई का?

पूर्वी निदान सबब होती. कार्यशाळा पुण्या-मुंबईला, साइटवर कामं अडलेली, मिस्त्री खोळंबलेला, मग जाणार कोण? आता ती सबब उरलेली नाही. आयआयटी आणि बंगळुरूची विज्ञान संस्था मिळून चालवतात त्या एनपीटेल या ऑनलाइन मंचावर आयआयटी रुरकीचा शाश्वत वास्तुकलेवरचा अभ्यासक्रम झाला आहे. असे अभ्यासक्रम चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात. व्याख्यानं ऐकायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचं शुल्क भरायचं आणि केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. आणि दूरशिक्षण महाराष्ट्राला परकं नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी-संसार सांभाळणाऱ्यांना शिकवत आलं आहे.

मात्र पडद्यावरचं शिक्षण जसंच्या तसं इथे लागू होत नाही. संगणकावर घराचं तापमान काढताना शयनगृहाची वेळ सहसा रात्रीची धरतात. माणसं दिवसा बाहेर आणि रात्री घरात. बजाजनगरात एकाच छताखाली तीन पाळ्या झोपतात! बाप सकाळी, मुलगा मध्यरात्रीनंतर, बाकीचं घर रात्री. हे वेळापत्रक प्राध्यापकाला ठाऊक नसतं. ते आर्किटेक्टनं भरायचं असतं. ते भरलं की उत्तरं बदलतात: झोपायची खोली वरच्या मजल्यावर नको, पश्चिमेच्या भिंतीला लागून नको, दिवसा झोपणाऱ्यासाठी खालची उत्तरेकडची खोली हवी.

दुसरा मुद्दा मातीचा. शाश्वत बांधकामाच्या वर्गात मातीच्या भिंतींची शिफारस होते आणि ती चुकीची नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट पाहिलेल्या मराठवाड्याला माती म्हटलं की धडकी भरते. तिथे जाड दगडी भिंतींचे दोन थर एकमेकांशी बांधलेले नव्हते. आरपार जाणारे सांधेदगड नव्हते आणि डोक्यावर मातीच्या माळवदाचं प्रचंड ओझं होतं. कारण समजून घेतलं तर मातीही सुरक्षितपणे वापरता येते. हे समजावून न सांगता, केवळ पर्यावरणाचं नाव घेऊन इथल्या माणसाला मातीचं घर सुचवणं मला योग्य वाटत नाही.

आणि काही धडे पडद्यावर नाहीतच, ते शहरात आहेत. पाणचक्की १७४४ साली पुरी झाली. तिथल्या मोठ्या हौदाखाली एक दालन आहे. डोक्यावर पाणी असल्यामुळे ते भर उन्हाळ्यातही गार राहतं. माझी विद्यार्थ्यांना विनंती असते की ते नुसतं बघू नका, आत अन् बाहेर तापमान मोजा.

इथे काही आर्किटेक्ट, काही ठेकेदार बसले आहेत. त्यांच्यापुढे एक काम ठेवतो. येत्या मे महिन्यात बजाजनगरातलं एक रो-हाऊस घ्या, घरमालकाची परवानगी घ्या. दोन थर्मामीटर लावा, एक वरच्या खोलीत छताखाली, दुसरा तळमजल्यावर. आठवडाभर, तिन्ही शिफ्टच्या झोपेच्या वेळी नोंद करा. नोंदी मराठीत लिहा, म्हणजे मिस्त्रीलाही वाचता येतील. मग ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घाला आणि पहिल्या आठवड्यापासून हेच घर समोर ठेवून शिका. ज्यांना आपलं घर मोजणीसाठी द्यायचं असेल, त्यांनी व्याख्यान संपल्यावर आयोजकांकडे नाव नोंदवावं.