अर्जात न मावणारी गोष्ट

(वाचनगटाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी साहित्याचा प्राध्यापक नाही, समीक्षकही नाही. शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी सॉफ्टवेअरमधली. वाचतो ते जाता-येता बसमध्ये आणि रात्री घर झोपल्यावर. तेव्हा पुढचं सगळं एका वाचकाचं मत समजा. पटलं नाही तर नंतर चहाच्या वेळी भांडूच.

आज मुख्यतः एकाच पुस्तकाबद्दल बोलणार आहे, बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प'बद्दल. मे 2025 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळालं. मूळ कथा कन्नड, इंग्रजी अनुवाद दीपा भास्ती यांचा. हे पारितोषिक मिळवणारं हे पहिलं कन्नड पुस्तक आणि पहिला कथासंग्रह. तीस-पस्तीस वर्षांच्या लेखनातून निवडलेल्या बारा कथा यात आहेत. मला कन्नड येत नाही, मी अनुवादच वाचला आहे.

बक्षिसापेक्षा मला एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. बानू मुश्ताक हासनला वकिली करतात. म्हणजे बाईचं दुःख कोर्टाच्या भाषेत कसं मांडायचं हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. तारीख, कलम, मागणी, पुरावा. असं असूनही त्या कथा लिहीत राहिल्या. माझ्या वाचनाप्रमाणे याचं कारण साधं आहे. अर्जात जे मावतं त्याच्या कितीतरी पट बाहेर उरतं. ते उरलेलं या कथांमध्ये आहे.

आपली चळवळ बरीचशी कायद्याच्या वाटेने चालत आली. 1966 मध्ये हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा नेला. त्यानंतर एक्कावन्न वर्षांनी, ऑगस्ट 2017 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. ही लढाई आवश्यक होती. पण या संग्रहातल्या कथा वाचताना लक्षात येतं की बहुतेक ठिकाणी बाईचं आयुष्य तलाक या शब्दाने मोडत नाही. ते मोडतं ते सगळं नियमाप्रमाणे चालू असताना.

संग्रहातली पहिलीच कथा घ्या, शाइस्ता महालची. इफ्तिखार नावाचा नवरा बायकोवर जीव ओवाळून टाकतो. तिच्यासाठी महाल बांधला असता, अशी भाषा. शाइस्ताला एकापाठोपाठ एक मुलं होतात. मोठी मुलगी आसिफा शाळा सोडून भावंडं सांभाळते. मग बाळंतपणानंतर शाइस्ता मरते आणि थोड्याच दिवसांत घरात कोवळ्या वयाची नवी नवरी येते. आता सांगा, यात गुन्हा काय घडला? मारहाण नाही, तलाक नाही, हुंडा नाही. दुसरं लग्न कायद्याने आणि शरियतनेही वैध. आमच्या कामात म्हणतात तसं, स्पेसिफिकेशनप्रमाणे सगळं पास. फक्त ज्या माणसासाठी हे सगळं बांधलं ते माणूस संपलं आणि एका मुलीची शाळा गेली. कोणत्या कलमाखाली तक्रार करणार? इथे कथा उपयोगी पडते. ती कलम सांगत नाही, पण आसिफाच्या कडेवरचं बाळ तुमच्या डोळ्यांसमोरून हलू देत नाही.

शीर्षककथेतली मेहरून तान्हं मूल घेऊन माहेरी येते. नवरा दुसऱ्या बाईकडे लागला आहे. माहेरची माणसं काही राक्षस नाहीत. शिकलेली, प्रतिष्ठित माणसं आहेत. त्यांना घराण्याची अब्रू सांभाळायची आहे, म्हणून भाऊ तिला परत सोडून येतात. त्या रात्री ती रॉकेल हातात घेते. तिला थांबवते ती तिची शाळकरी मुलगी. मला त्या रॉकेलइतकीच त्या परतीच्या प्रवासाची भीती वाटली. तिला परत पोहोचवणारे भाऊ आपल्या ओळखीचे आहेत. आपण त्यांच्या लग्नात जेवलो आहोत.

आणि 'फायर रेन' ही कथा. मुतवल्लीची धाकटी बहीण वडिलांच्या मालमत्तेतला आपला हिस्सा मागते. ती शरियतच्या बाहेरचं काहीही मागत नाही. मुलाच्या निम्मा का होईना, मुलीचा वाटा ठरलेला आहे. पण तेवढ्यात मुतवल्ली साहेबांना एक मोठं काम सापडतं. एक मुसलमान चुकून हिंदू स्मशानभूमीत पुरला गेला आहे म्हणे. त्याला बाहेर काढून आपल्या कब्रस्तानात आणायचं. गर्दी जमते, पुढारी येतात, समाजाची इज्जत पणाला लागते. बहिणीचा हिस्सा? तो नंतर बघू. पुढे काय होतं ते सांगत नाही, वाचा आणि हसा. हसताना थोडा घास अडकेल.

ही कथा कर्नाटकातली, पण आपल्याकडे तिला एक सरकारी नाव आहे: हक्कसोडपत्र. आमच्याच घरातलं सांगतो. आजोबा गेल्यावर माझ्या दोन्ही फुफींनी सही केली. कोणी धाक दाखवला नाही. सगळे प्रेमाने बसले होते, बिर्याणी झाली. नंतर मी धाकट्या फुफीला विचारलं, "का सोडलंस?" ती म्हणाली, "हिस्सा घेतला असता तर ईदला माहेरी कोणत्या तोंडाने आले असते?" तिच्या या वाक्यावर वकील काय करणार? सही खरी, साक्षीदार खरे, संमती खरी. आणि हिंदू घरांत, मराठा असो वा ब्राह्मण, हेच पत्र याच प्रेमाने होतं, हे आपण सगळे जाणतो. मशिदीच्या लाउडस्पीकरवर शरियत वाचवा म्हणणाऱ्या किती घरांनी शरियतने दिलेला बहिणीचा वाटा दिला, हा प्रश्न मला या कथेने विचारायला शिकवला.

आता निबंधांकडे येतो, कारण मला दोन्ही प्रकार आवडतात. रक्षंदा जलील यांचा 'बट यू डोन्ट लुक लाइक अ मुस्लिम' हा 2019 चा निबंधसंग्रह तुमच्यापैकी काहींनी वाचला असेल. नावातलं वाक्य आपण प्रत्येकाने ऐकलं आहे. ऑफिसच्या कँटीनमध्ये ते कौतुक म्हणून सांगितलं जातं. हे लेखन मला जवळचं वाटतं. स्वच्छ, सुसंस्कृत, सणांच्या आणि उर्दूच्या आठवणींनी भरलेलं. पण ते वाचताना मला सतत जाणवतं की समोर कोणीतरी प्रश्न विचारणारा उभा आहे आणि लेखिका त्याला उत्तर देते आहे. आम्ही असे नाही, आम्ही असेही आहोत. आजच्या काळात हे उत्तर देत राहावं लागतं, तो दोष लेखिकेचा नाही. पण त्यात दमछाक होते आणि बरंच बोलायचं राहून जातं. बानू मुश्ताक यांच्या कथेत तो प्रश्न विचारणारा खोलीतच नाही. खोलीत फक्त घरची माणसं आहेत, म्हणून भांडण खरं होतं. दलवाईंचंही असंच आहे. त्यांचे लेख वाद घालतात. 1965 ची 'इंधन' मात्र कोकणातल्या एका गावात नेऊन बसवते आणि वाद घालायला जागाच ठेवत नाही.

मग नेहमीचा आक्षेप येतो. मलाही माझ्या मित्रांनी विचारला. "आधीच दिवस असे आहेत, त्यात आपली धुणी चव्हाट्यावर कशाला?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. घर भाड्याने शोधताना नाव सांगितल्यावर फोन कसा बंद होतो, हे मला माहीत आहे. पण लेखिकेचंच आयुष्य बघा. स्त्रियांना मशिदीत नमाजाचा हक्क आहे असं म्हटल्यामुळे 2000 साली त्यांच्यावर समाजाने बहिष्कार घातला. आणि 2025 मध्ये मैसूर दसऱ्याच्या उद्‌घाटनाला त्यांना बोलावलं, तेव्हा एका मुस्लिम बाईने हे करू नये म्हणून लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने ऐकलं नाही, उद्‌घाटन त्यांनीच केलं. ज्यांना आपला द्वेष करायचा आहे त्यांनी कथा वाचायची वाट पाहिली नव्हती. आणि वातावरण निवळेपर्यंत गप्प राहा, असं मेहरूनला सांगायचं, तर ते कधी निवळेल याची तारीख कोण देणार?

एक शब्द अनुवादाबद्दल. दीपा भास्ती यांनी उर्दू-अरबी शब्द तिरप्या अक्षरांत टाकले नाहीत, तळटीपाही दिल्या नाहीत. वाचकाने चार पावलं चालत यावं, अशी त्यांची भूमिका आहे. मराठीत मुस्लिम जीवनावर लिहिताना आपण अजून इद्दत म्हणजे काय, चेहलम म्हणजे काय, हे कंसात समजावत बसतो. घरात पाहुणा असल्यासारखे. मेहरुन्निसा दलवाईंचं 'मी भरून पावले आहे' मराठी वाचकाने आपलं मानलंच ना? आपल्या नव्या लेखकांनी कंस काढून टाकावेत.

सगळंच आवडलं असंही नाही. शेवटची कथा देवाला उद्देशून केलेलं गाऱ्हाणं आहे. तिचं खूप कौतुक होतं, पण मला ती भाषणाजवळ गेलेली वाटली. काही पुरुष एकाच बाजूने रंगवलेत. त्याउलट 'द श्राउड' बघा. एक गरीब म्हातारी हजला जाणाऱ्या श्रीमंत बाईला आबेजमजममध्ये भिजवलेलं कफन आणायला सांगते. तिथे पुरुष जवळजवळ नाहीतच. छळ नाही, फक्त विसरणं आहे. बाईच बाईला विसरते, कारण ती गरीब आहे. माझ्या मते संग्रहातली ही सर्वांत मोठी कथा.

शेवटी एक विनंती. आपल्या बैठकांत अशा पुस्तकांवर बोलताना पहिला प्रश्न असतो, "हे खरंच असं घडतं का?" जणू लेखिका साक्षीदार आहे आणि आपण न्यायाधीश. त्याऐवजी या गोष्टीत मी कुठे उभा आहे, असं विचारू या. परत सोडायला आलेल्या भावांत? कब्रस्तानाच्या गर्दीत? की सहीच्या वेळी बिर्याणी वाढणाऱ्यांत? आणि हे पुस्तक बहिणींना भेट देऊ नका. त्यांना त्यातलं सगळं माहीत आहे. भावांना द्या. पुढच्या महिन्याची बैठक फक्त 'फायर रेन'वर ठेवू या आणि येताना प्रत्येक पुरुषाने आपल्या घरातल्या सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते बघून यावं.