शेवटच्या क्षणाची बोली
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. शिक्षणही सातवीपर्यंतचे. परंतु आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "लिलावात घर घ्यायला निघाला होतात, तो अनुभव सांगा, चारजणींच्या उपयोगी पडेल." म्हणून उभी राहिले आहे.

गावच्या उत्सवात देवापुढच्या नारळाचा लिलाव आपण सर्वजणींनी पाहिला असेल. पुकारणारा 'एक वार, दोन वार' म्हणतो आणि चोहीकडे पाहतो. कोणी बोलले की पुन्हा पहिल्यापासून. आता लिलाव संगणकावर होतात आणि पुकारणाऱ्याच्या जागी घड्याळ आले आहे. माझी गोष्ट त्या घड्याळाचीच आहे.

2022 सालचा आषाढ. लोणावळ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत आमचा संसार. एका बँकेने कर्ज थकले म्हणून तळेगावकडची एक सदनिका ई-लिलावास काढली. राखीव किंमत 21 लाख रुपये. तिचा दहावा हिस्सा, 2 लाख 10 हजार, अनामत म्हणून आधी भरायचा. त्यात माझ्या पाटल्या मोडल्या. आदल्या रात्री आम्ही दोघांनी शिल्लक, दिरांची मदत आणि मिळणारे कर्ज यांची बेरीज केली. 23 लाखांच्या पुढे जायचे नाही असे ठरले. तो आकडा मी कागदावर लिहून देवाजवळ ठेवला.

माझ्या बहिणीचा मुलगा संगणकातला जाणता. तो म्हणाला, "मावशी, आधी गप्प बसायचे. दहा सेकंद उरले की बोली टाकायची. समोरच्याला उत्तर द्यायला वेळच राहणार नाही." त्याचे अगदीच चुकीचे नव्हते. ई-बे या कंपनीच्या लिलावात घड्याळ ठरल्या क्षणी बंद होते, आणि तेथे पुष्कळ लोक मुद्दाम शेवटच्या क्षणी बोली टाकतात. त्याने स्वतः तसाच एक जुना कॅमेरा मिळवला होता.

दुपारी एक वाजता आमचा लिलाव संपायचा होता. बाहेर लोणावळ्याचा पाऊस. मोबाईलची रेंज येत होती, जात होती. दहा सेकंद उरले आणि यांनी कळ दाबली. बोली लागली. आम्ही श्वास सोडतो तोच घड्याळावर पुन्हा पाच मिनिटे आली! बँकेच्या अटींत लिहिलेच होते की शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर वेळ पाच मिनिटांनी वाढेल. ती ओळ कोणी नीट वाचली नव्हती. समोरून बोली आली. आम्ही दिली. पुन्हा वेळ वाढली. असे तासभर चालले. आम्ही 23 लाखांवर पोहोचलो, आणि समोरून आले 23 लाख 10 हजार.

हे म्हणाले, "एकच वाढवू." मी देवाजवळचा कागद आणून पुढ्यात ठेवला. हे काही बोलले नाहीत. पाच मिनिटे सरली आणि घर गेले. दोन दिवस हे माझ्याशी नीट बोलले नाहीत. अनामत मात्र सगळी परत आली.

मागाहून भाच्याने वाचून सांगितले की अमेरिकेतले ॲल्विन रॉथ आणि जर्मनीतले ॲक्सेल ऑकेनफेल्स या विद्वानांनी 2002 साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ॲमेझॉनच्या लिलावात तेव्हा उशिरा बोली आली की वेळ वाढत असे. तेथे शेवटच्या क्षणाची बोली ई-बेपेक्षा कमी दिसली. म्हणजे बँकेचा लिलाव हा आपल्या नारळाच्या लिलावासारखाच. बोलणारा आहे तोवर पुकारणारा थांबतो. उलट, हॉलंडात आल्समीरला फुलांचा जो लिलाव होतो, तेथे घड्याळ्यावर भाव वरून खाली येतो आणि पहिला कळ दाबील त्याचा माल. आपल्या मावळातही गुलाब पिकतात, म्हणून हे ध्यानात राहिले. तेथे थांबणारा हातचा माल घालवतो.

भगिनींनो, शेवटच्या क्षणी हात शिवशिवतो, तेव्हा माणूस घर पाहत नाही, समोरच्याला हरवणे पाहतो. आम्ही जिंकलो असतो तर अनामत धरून चौथा हिस्सा, जवळजवळ पावणेसहा लाख, फार तर दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत भरावा लागला असता. उरलेले सामान्यतः विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. ते जमले नाही तर भरलेले पैसे जातात. पाटल्याही गेल्या असत्या आणि घरही.

म्हणून माझे सांगणे थोडेच आहे. अटी स्वतः वाचा, न कळल्यास वाचून घ्या. घराचा ताबा कोणाकडे आहे, घरपट्टी आणि विजेची बाकी किती, हे आधी विचारा. आकडा आदल्या रात्री, शांतपणे, दोघांनी मिळून ठरवा. आणि ते घर कोणीतरी गमावलेले आहे, हेही मनात असू द्या. आपल्यावर तशी पाळी येऊ नये.

आम्ही अजून भाड्याच्याच घरात आहोत. पाटल्या पुन्हा केल्या आहेत. पूर्वीपेक्षा हलक्या, पण आहेत. तो कागदही मी जपून ठेवला आहे.