नोटीस आणि मोजणी



पदवीदानाच्या प्रसंगी उपदेश करण्याचा परिपाठ आहे; मी मात्र आपल्याला पुण्याच्या बुधवार पेठेत नेणार आहे. दगडूशेठ हलवाई गणपतीसमोरच्या ज्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, तो वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी ताब्यात घेऊ पाहणारी महानगरपालिका आणि तेथील गाळ्यांचे भाडेकरू यांचा वाद इतकी वर्षे कोर्टकचेरीत रेंगाळला की, निकालापर्यंत वाडा मोडकळीस आला होता. आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत पालिकेचीच सरशी झाल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्री, पोलीस बंदोबस्तात, तो जमीनदोस्त करण्यात आला. निकाल मला न्याय्य वाटतो. परंतु फुल्यांच्या स्मारकासारख्या निर्विवाद कार्यालाही वाटाघाटीचा मार्ग सापडू नये, याचे वैषम्य वाटते.

भिडे वाड्याला निदान इतिहासाचे पाठबळ होते. निनावी वाड्यांची गत अशी की, दरसाल पावसाळ्याच्या तोंडी क्षेत्रीय कार्यालयाचा माणूस येतो, महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालची नोटीस दिंडीदरवाजाला डकवतो आणि निघून जातो. तुळयांना वाळवी लागलेली, भिंतीला टेकू दिलेला. तरीही सासऱ्यांच्या नावची भाडेपावती पत्र्याच्या डब्यात जपणारी आजी खोली सोडीत नाही. तिला हटवादी म्हणणे सोपे आहे. वाडा पडला की मालक, बिल्डर आणि सरकारी दफ्तर या तिघांपैकी कोणीही आपल्याला ओळख दाखवणार नाही, हा तिचा अंदाज अनुभवसिद्ध आहे. इमारत पाडली गेल्याने भाडेकरूचा हक्क लयास जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली, तेही सांगलीच्या एका प्रकरणात, निःसंदिग्धपणे सांगितले. पण दिल्लीचा निवाडा वाड्याच्या अंधाऱ्या जिन्यावरून वर चढत नाही. वर पोहोचायला हवी ती प्रत्येक भाडेकरूच्या जागेची मोजणी: मालक, भाडेकरू आणि पालिकेचा अभियंता यांच्या समक्ष झालेली, तिघांच्या सह्यांची, पाडकामाच्या आधीची.

आरोग्यासारख्या सद्हेतूनेही न विचारता घरात शिरणारा कारभार पुण्याच्या पेठांनी १८९७ च्या प्लेगात पाहिला आहे, आणि त्याची परिणती २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवरच्या हल्ल्यात कशी झाली, हे आपण जाणता. आजची पालिका रँडची नव्हे. २००६ पासून ती अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवते, हे स्तुत्यच. मात्र पदपथ आणि दिवे मागणे निराळे, आणि कोसळत्या छपराखालच्या माणसाचा विश्वास संपादन करणे निराळे. शिवाय रहिवासी कोणाला म्हणावे? बुधवार पेठेतल्याच काही गल्ल्यांत देहविक्रय करणाऱ्या ज्या स्त्रियांचे अवघे आयुष्य गेले, त्यांच्यापैकी कितीजणींच्या नावे भाडेपावती असेल? पुनर्विकासाच्या यादीत त्यांचे नाव नसेल, तर ती यादीच मला नामंजूर आहे.

आपल्यापैकी जे वास्तुविशारद होतील, त्यांनी मोजपट्टी घेऊन मे महिन्यातच एखाद्या वाड्यात जावे; जे वकील होतील, त्यांनी मोजणीच्या मागणीचा अर्ज लिहून द्यावा. कचेरीतला कारकून पहिल्या खेपेस 'साहेब साइटवर गेलेत' असे सांगून परत पाठवील. दुसऱ्या खेपेची तयारी ठेवूनच जा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.